आधी जनरल रजिस्टर उघड

प्रिय बाय,

तुझा निरोप काल रात्री वाचला आणि आज पहाटे उठून पुन्हा वाचला. वसईतल्या आपल्या शाळेच्या पंचाहत्तरीची स्मरणिका निघते आहे आणि 'आमचे यशवंत विद्यार्थी' ही पानं तुझ्याकडे आली आहेत. समितीनं २५ नावं मागितली. तू १९ जमवलीस: पाच डॉक्टर, सहा फादर, तीन सिस्टर, दोन वकील, आणि तिघं आखातात नि कॅनडात मोठ्या हुद्द्यावर. सहा जागा भरत नाहीत म्हणून तू रडकुंडीला आलीस. शेजारच्या इंग्रजी शाळेची यादी आपल्यापेक्षा भारी निघेल, असं कुणीतरी बैठकीत सुनावलंही. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं तू लिहिलंस, "सर, बाबांचं नाव टाकलं तर लोक हसतील का? ते चौथीपर्यंतच होते."

त्या ओळीपुढे मला जाता आलं नाही.

धीराचे शब्द तुला लागत नाहीत, हे तू पहिलीत होतीस तेव्हापासून मी जाणतो. म्हणून सरळ कामाचं सांगतो. ती १९ नावं बाजूला ठेव. आधी जनरल रजिस्टर उघड.

मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात ती जाडजूड पुस्तकं आहेत. एका मुलाला एक आडवी ओळ. नाव, धर्म, जन्मगाव, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण, शेरा. डॉक्टर झालेल्याला जेवढी जागा, तेवढीच तुझ्या बाबांना. सगळ्यांना अगदी सारखं मिळालं असं आमच्या शाळेत दुसरं काही मला आठवत नाही. मीही सगळ्यांना सारखं दिलं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आपली शाळा पहिली ते चौथी. हे समितीच्या लक्षातच राहत नाही. जो डॉक्टर झाला त्याला मुंबईच्या कॉलेजनं डॉक्टर केलं, त्याआधी हायस्कूलनं घासलं. जो फादर झाला त्याला सेमिनरीनं, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेनं घडवलं. आम्ही त्याला बाराखडी दिली, तीसपर्यंत पाढे दिले, आणि नेमकं तेच त्याच्या शेजारी बाकावर बसलेल्या तुझ्या बाबांना दिलं. मग शाळेनं जे दिलं त्याचं पुढे काय झालं, हे शोधायला तू फक्त डॉक्टरांच्या घरी का जातेस?

जून महिन्यातला पहिलीचा वर्ग तुला कसा सांगू. घरी कादोडी ही इथली बोली बोलणारी पोरं, वाडवळांची पोरं, कोळीवाड्यातून येणारी पोरं. एका वर्गात तीन बोली, आणि पुस्तकातली मराठी तिघांनाही नवखी. पहिले दोन महिने मी पुस्तक उघडत नसे. त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगायचं, मी ते फळ्यावर लिहायचं आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझ्या या पद्धतीवर वाईट शेरा मारला होता. मी ती बदलली नाही. दिवाळीच्या सुट्टीला घरी जाताना माझी पोरं दुकानांच्या पाट्या वाचत जात. हे मी मिरवायला लिहीत नाही. लिहितो थोडं मिरवायलाच, पण तुला कळावं म्हणूनही.

तुझे बाबा माझ्याच हाताखाली होते. चौथीनंतर आजोबा आजारी पडले आणि वाडी त्यांच्या अंगावर आली. तेव्हापासून मोगरा खुडायचा, पहाटेची गाडी पकडायची, दादरचा फूलबाजार गाठायचा. आडत्याच्या हातून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली की तुझे बाबा तिथंच उभे राहून ती वाचत. तोलाई किती कापली, हमाली किती, दलाली किती, बेरीज बरोबर आहे की नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं ते आपली पट्टी तुझ्या बाबांच्या हातात देत. मी स्वतः एकदा दादरला पाहिलं आहे, चार बायका आणि एक म्हातारा त्यांच्याभोवती उभे, आणि ते एकेकाला मोठ्यानं वाचून दाखवताहेत. ती चौथी होती बाय. माझ्या वर्गाची चौथी. तिला तू 'चौथीपर्यंतच' म्हणतेस?

आणखी एक सांगतो, कारण तुझ्या वयाच्या मुलांना हे ठाऊक नसतं. माझ्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये होत असे. आम्ही गुडघे टेकून ऐकायचो, शब्दही समजायचा नाही. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली, आणि आपल्याकडे देवळात मराठी घुमू लागली. पण वेदीजवळ उभं राहून वाचन करायचं कुणी? गावात पदवीधर किती होते तेव्हा? वाचायला उभे राहिले ते चौथी नि सातवी शिकलेले शेतकरी, भाजीवाले, केळ्यांच्या वाडीत राबणारे. हाताला मातीचा वास आणि समोर पवित्र शास्त्र. 'सुवार्ता' हे आपल्या ख्रिस्ती समाजाचं मराठी मासिक १९५५ साली निघालं. ते टिकलं कुणाच्या जिवावर? उस्मानाबादला २०२० साली भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्या नंदाखालचे, इथल्याच मराठी शाळेत शिकलेले. त्यांचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण दोन दशकांहून जास्त काळ ते ज्या मासिकाचं संपादन करत होते, ते घरोघर उघडून वाचणारी माणसं कुठून आली? त्यांची नावं कुठल्याच स्मरणिकेत नाहीत. ती जनरल रजिस्टरमध्ये आहेत.

समितीला पहिल्या पानावर आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हवे आहेत, असं लिहिलंस. अवश्य घ्या. ते वसईच्या किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे (जेझुइट धर्मगुरूंकडे) शिकले, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले, १८६२ साली संत झाले. एवढंच सांग की ते ब्रदर होते, फादर नव्हते, आणि जपानी उत्तम येत होती म्हणून दुभाष्याचं काम करत. आपल्या शाळेशी त्यांचा संबंध लावू नकोस. उसना मोठेपणा कशाला?

मोठ्या नावानं शाळा मोठी होते, तगते, असं बैठकीत सुनावणाऱ्या त्या गृहस्थांचं म्हणणं दिसतं. त्यांना न्यूयॉर्कची एक गोष्ट सांग. ब्राँक्समध्ये ब्लेसेड सॅक्रामेंट नावाची कॅथलिक प्राथमिक शाळा होती. सोनिया सोटोमायोर तिथं शिकल्या. नऊ वर्षांच्या असताना वडील गेले, आईनं नर्सची नोकरी करून मुलांना त्या शाळेत ठेवलं, आणि ही मुलगी आठवीला वर्गात पहिली आली. २००९ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. यापेक्षा मोठं नाव कुठल्या यादीत असेल? आणि २०१३ साली ती शाळा बंद झाली. सर्वोच्च न्यायालयातली माजी विद्यार्थिनी असूनही ती वाचली नाही. शाळा वाचते ती आजूबाजूच्या आळीतली माणसं आपली पोरं तिथं घालतात तोवर. आणि ती कधी घालतील? ही शाळा आपली आहे, आपलं नाव तिथं मोजलं जातं, असं वाटलं तर. तू २५ नावं छापलीस तर बाकीच्या शेकडो घरांना काय कळवलंस, याचा विचार कर.

गोव्यातही हेच. चर्चला जोडून पॅरिशच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या शाळा असत, तिथं पोरांना सूरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्या शाळांतून निघालेले कितीतरी वादक मुंबईला येऊन हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू म्हणून लोकांना माहीत झाले. पण त्यांच्या मागच्या रांगेत बसलेले? गाणी आपण आजही ऐकतो, वाजवणाऱ्याचं नाव विचारत नाही. त्या शाळांचं यश मोजायचं तर ती मागची रांग मोजायला हवी.

मी इतका हट्टानं का लिहितो आहे, असं तुला वाटेल. २५ वर्षांपूर्वी सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मी संपादित केली होती. 'यशवंत' हे पान माझीच कल्पना. ३१ नावं घेतली, फोटोसकट. प्रकाशनाच्या दिवशी मी टेबलावर विक्रीला बसलो होतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आली, स्टेशनबाहेर भाजी विकणारी. तिनं दोन प्रती घेतल्या, एक स्वतःला, एक बहिणीला. तिथंच उभी राहून तिनं ती पानं उलटली. बोट ओळींवरून फिरवत, एक एक नाव वाचत, शेवटपर्यंत. मग प्रती पिशवीत ठेवल्या, मला म्हणाली, "छान झालंय सर," आणि गेली. मी पाहत होतो की ती काय शोधत होती. तिला वाचायला मीच शिकवलं होतं. घरी आल्यावर मी माझी प्रत कपाटात टाकली ती आजवर पुन्हा काढलेली नाही.

लोक आणखी एक म्हणतील, तुझ्या कानावर आलंही असेल. मास्तरांनी मराठी शाळेचे गोडवे गायले आणि स्वतःची मुलगी मात्र इंग्रजी शाळेत घातली. खरं आहे. घरात ते सगळ्यांनी ठरवलं होतं. तिची आई म्हणाली, पोरीला उद्या नोकरी कोण देणार? माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हतं. शाळेत पट कमी होत चालला होता, तुकडी टिकेल की नाही याची खात्री नव्हती. मी काय करायला हवं होतं? आळीतल्या दहा घरांनी जे केलं तेच मी केलं. मुलगी चांगली शिकली, माझ्यावर तिचा राग नाही. पण ती माझं हे पत्र वाचायला घेईल तेव्हा तिला अर्धा तास लागेल, आणि दोन-तीन ठिकाणी ती मला फोन करून अर्थ विचारील. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतो.

आता कामाचं. पुस्तकाचा क्रम सोडू नकोस. पहिल्या पानापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी नावं छाप, बारीक टाईपात छाप, लागली तर पन्नास पानं जाऊ देत. जाहिराती कमी घ्या. पैसे कमी पडले तर माझ्या पेन्शनमधून देतो, फादरांशी मी बोलेन. डॉक्टरांची नावंही त्यात येतीलच, आपापल्या ओळीत, आपापल्या नंबरावर. समिती ऐकणार नाही, तर त्यांना सांग मास्तर बैठकीला येणार आहेत. २५ चा हट्ट धरलाच कुणी, तर ते काम त्यांनाच करू दे. तू करू नकोस. इथं मी तुला मोकळीक देत नाही.

आणि नावांबरोबर 'शाळा सोडल्याचं कारण' हा रकाना गाळू नकोस. तिथं 'पालकांची बदली', 'पुढील शिक्षणासाठी' असं सापडेल. कुठं कुठं 'सतत गैरहजर' असं सापडेल. त्यातले बरेच शेरे माझ्या अक्षरात आहेत. एका पानावर पाड्यावरच्या एका मुलाचं नाव आहे. तिसरीत होता, गणितात सगळ्यांच्या पुढे. दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला. दोन महिने वाट पाहिली आणि मी 'सतत गैरहजर' लिहून नाव कमी केलं. नियमाप्रमाणे होतं, कुणी मला बोललं नाही. भट्टी शाळेपासून चार मैलांवर होती. माझ्याकडे सायकल होती.

शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकरानंतर ये, बाईंना मी किल्लीचं सांगून ठेवलं आहे. नाकाला रुमाल बांध, पुस्तकांना वाळवी लागली आहे. त्या मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर आहे ते मला पाठ आहे, तुला दाखवतो. ते पहिलं लिहून घे, मग बाबांचं.

तुझा,
सर