मेळघाटात बालकुपोषणाच्या बातम्यांवर पत्रकारांचं ट्रेनिंग घेतोयस ना, मग हे आधी वाच

धारणी-चिखलदऱ्याच्या पत्रकार पोरांना हॉलमध्ये बसवून दिवसभर पीपीटी दाखवू नकोस रे, संध्याकाळपर्यंत त्यातलं काही डोक्यात राहत नाही. त्यापेक्षा बालरोगतज्ज्ञाला घेऊन सरळ अंगणवाडीत जा आणि दंड मोजायची पट्टी प्रत्येकाच्या हातात दे, सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड ११.५ सेंमीच्या खाली असला की लाल म्हणजे अतितीव्र कुपोषण (सॅम), १२.५ पर्यंत पिवळं म्हणजे मध्यम कुपोषण (मॅम), हे एकदा स्वतः मोजलं की मग बातमीत सॅम-मॅमचा घोळ होत नाही. डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, भाषण नको, प्रश्नांची उत्तरं द्या. तिथल्या आदिवासींची कोरकू भाषा बोलणारा एकतरी पत्रकार हवाच, आई काय म्हणते ते त्यालाच नीट कळतं. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात दे, फार थोड्या पैशात राबतात ही पोरं. आणि बाळाचं नाव, चेहरा छापायचा नाही, हे पहिल्याच तासाला सांग.