रंग राहू द्या, आधी पन्हळ बघा

प्रश्न : आमचं मूळ घर राजस्थानात, शेखावाटी भागातल्या सीकर जिल्ह्यात, लक्ष्मणगडला. पणजोबा कापसाच्या धंद्यासाठी अकोल्याला आले. हवेली तिकडेच राहिली, आता चौकीदाराच्या भरवशावर आहे. बाहेरच्या भिंतीवरची चित्रं फिकट झालीत, खालचा दोन-अडीच फूट गिलावा गळून पडलाय. चुलतभावांनी ठरवलंय, खालून सिमेंट मारायचं आणि चित्रं ऑइलपेंटने पुन्हा काढून घ्यायची. कारागीरही ठरलाय. मला धाकधूक वाटते. — एक वाचक, अकोला

उत्तर : तुमची धाकधूक रास्त आहे. कारागिराने काम सुरू केलं नसेल तर आजच फोन करा आणि थांबवा.

तुमच्या भिंतीचा सांधा चुन्याचा, गिलावाही चुन्याचा. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते आणि गिलाव्यातून हवेत निघून जाते. खाली सिमेंट थापलंत की ती वाट बंद होते. ओल थांबत नाही, सिमेंटच्या वर चढते. आज गुडघ्याशी असलेला लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारं मीठ, उद्या थेट हत्तीघोड्यांच्या चित्रांपर्यंत पोहोचेल. ओलीबरोबर आलेले क्षार रंगाच्या थरामागे फुगतात आणि पोपडे सुटतात. ऑइलपेंटचंही तेच, भिंतीचा श्वास कोंडतो. शिवाय खालचं मूळ चित्र कायमचं जातं. चकचकीत नव्या कृष्णापेक्षा फिकट जुना कृष्ण मला केव्हाही चालेल, आणि हे मी निव्वळ हौसेपोटी म्हणत नाही.

पैसे खर्च करायचेच आहेत ना? मग गच्चीवर करा. पन्हळी तुंबल्यात का, गच्चीचा उतार बरोबर आहे का, हे आधी पाहा. मग गल्लीत उतरा. या गावांत रस्त्यावर थरावर थर चढलेत, त्यामुळे पावसाचं पाणी जोत्याशी साचतं. तिथे गटार नीट करून घेतलंत तर निम्मं काम झालं. गळलेल्या भागावर फक्त चुन्याचा साधा गिलावा करा, त्यावर चित्र नको. आतल्या खोल्यांत कुणी सफेदी फासली असेल तर ती खरवडू नका. बऱ्याचदा तिच्याखाली चित्र शाबूत असतं आणि ते उघडणं जाणकाराचं काम आहे. जयपूरला वारसा जपणाऱ्या ‘इन्टॅक’ या संस्थेची शाखा आहे, तिथे विचारा. चुन्यात काम करणारे चेजारे अजून मिळतात. पूर्वी हेच लोक गवंडी आणि हेच चितारी.

आणखी एक. प्रत्येक भिंतीचे आणि प्रत्येक दाराचे फोटो काढून सगळ्या भाऊबंदांना पाठवून ठेवा. कोरीव दारं-चौकटी रातोरात गायब होतात, मग चौकीदार म्हणतो वाळवी लागली होती. शंभर वर्षांवरचं कोरीव दार पुरावस्तूत मोडतं आणि 1972 च्या कायद्याने ते देशाबाहेर विकता येत नाही. देशातल्या देशात मात्र गिऱ्हाईक मिळतंच. वाटणीचा वाद आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण असणारच. तो मिटेपर्यंत पन्हळ थांबत नाही; तेवढ्यापुरत्या सह्या करून घ्या.

प्रश्न : शेखावाटीतल्या हवेल्यांची उघड्यावरची चित्रं शंभर-दीडशे वर्षं टिकली कशी? — वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : रंग भिंतीवर लावलेला नाही, भिंतीत मुरलेला आहे म्हणून. शेवटचा थर मुरवलेल्या चुन्याचा आणि संगमरवराच्या भुकटीचा. तो ओला असतानाच रेखाटन करायचं, चुन्याच्या निवळीत खललेले रंग भरायचे, छोट्या थापीने ठोकायचे, मग अकिकाच्या दगडाने घोटायचं आणि शेवटी खोबरेल. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड बनतो आणि रंग त्यात अडकून बसतो. म्हणून त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढाच थर घालायचा. तिकडे या कामाला आराइश म्हणतात.

जुने रंग मोजकेच : काजळी, चुना, नीळ, गेरू, पिवळी माती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीहून रासायनिक रंग आले आणि भिंती एकदम भडक झाल्या. भगभगीत निळा आणि त्यात मोटारगाडी दिसली तर काम उशिराचं, असा ठोकताळा बांधायला हरकत नाही. उशिराची बरीच चित्रं कोरड्या गिलाव्यावरची आहेत, विशेषतः आतली. त्यांना ओलं फडकंसुद्धा लावू नये.

आपल्याकडे वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात चित्रं आहेत, पण ती घराच्या आत. शेखावाटीच्या शेठजींनी रस्त्याकडची भिंतही सोडली नाही. बाजारात पत दिसायला हवी ना!

प्रश्न : शेखावाटीच्या त्या रेताड मुलखात एवढा पैसा आला कुठून? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी उंटांच्या तांड्यांतून. गुजरातची बंदरं आणि दिल्ली यांच्यामधला व्यापार इथून जाई. इंग्रजांच्या काळात तो मुंबई-कलकत्त्याकडे वळला आणि शेठजीही त्याच्यामागे गेले. कमाई तिकडे, हवेली मात्र गावी. मुंबईत माटुंग्याला रुईया आणि पोदार ही कॉलेजं आहेत. त्यातले रुईया रामगढचे, पोदार नवलगढचे. वर्ध्याचे जमनालाल बजाज जन्मले सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात, 1889 मध्ये. 1899 च्या छपन्न्या (विक्रम संवत 1956 च्या) दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणूनही बांधकामं काढली गेली. पुढे कुटुंबं शहरातच स्थिरावली आणि 1930 च्या सुमारास हवेल्या बांधणं थांबत गेलं.

चिताऱ्याने न पाहिलेली आगगाडी ऐकीव माहितीवर काढली असावी, असं काही चित्रं पाहून वाटतं. डबे म्हणजे चाकांवर ठेवलेली घरं! मला या आगगाड्या देवादिकांपेक्षा जास्त आवडतात.

प्रश्न : डिसेंबरात मुलांना घेऊन तीन दिवस शेखावाटीत जायचंय. काय पाहू? — एक वाचक, पुणे

उत्तर : मुक्काम नवलगढला करा, जयपूरहून साधारण तीन तास. तिथली 1902 ची पोदार हवेली आता संग्रहालय आहे. मुलांना तिथून सुरुवात करून द्या, म्हणजे पुढचं कळेल. फतेहपूरला 1802 ची एक हवेली नदीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने विकत घेऊन दुरुस्त केली आहे. रामगढला तिथल्या पोदारांच्या छत्र्या, म्हणजे स्मारक म्हणून बांधलेले घुमटाचे मंडप, आहेत, त्यांच्या घुमटांखाली मान वर करून उभं राहा. मंडावा हे गाव सगळे करतातच; ते वेळ उरला तरच. त्याऐवजी महनसरची ‘सोने की दुकान’ बघा, भिंतींवर खरा सोन्याचा वर्ख आहे. किल्लीवाल्याला गावात शोधावं लागतं आणि आत अंधार असतो, तेव्हा टॉर्च बरोबर ठेवा.