फ्लास्कमध्ये येतं, फर्मेंटरमध्ये जातं कुठे?

प्रश्न: ई. कोलाय बॅक्टेरियात 50 मिली कल्चरला माझं प्रोटीन मस्त विरघळलेलं येतं, पण कॉमन फॅसिलिटीत फर्मेंटरमध्ये (पेशी वाढवायच्या मोठ्या टाकीत) 10 लिटरची बॅच लावली तर जवळजवळ सगळं पेलेटमध्ये, म्हणजे न विरघळलेल्या गाळात, गेलं. पैसे वाया गेले का?

उत्तर: नाही हो, लगेच हात टेकू नका. आधी टेम्परेचरचं विचारा. छोटा फ्लास्क 37 वरून 18 डिग्रीवर पटकन येतो, 10 लिटरला बराच वेळ लागतो, आणि कल्चर कोमट असतानाच आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) पडलं की प्रोटीन भराभर बनतं, नीट घडी पडत नाही, मग इन्क्लूजन बॉडीज, म्हणजे न विरघळणारे प्रोटीनचे गोळे. रन लॉग मागून घ्या, त्यात इंडक्शनच्या (आयपीटीजी टाकण्याच्या) क्षणी टेम्परेचर किती आणि ऑक्सिजन किती ते दिसतंच. ग्लुकोज जास्त झालं तर पेशींची वाढ रोखणारं अ‍ॅसिटेट साठतं, तेही बघा.

आणि खरं सांगू, फॅसिलिटीवाल्यांना नुसता प्लाझ्मिड (प्रोटीनचा जीन असलेलं डीएनएचं कडं) पाठवून मोकळं होऊ नका! पूर्ण सिक्वेन्स, टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा) कुठल्या टोकाला, ई. कोलायचा स्ट्रेन (वाण) कुठला, आणि विरघळलेला भाग व पेलेट अशा दोन्ही लेन असलेला प्रोटीन जेलचा फोटो द्या, आधी 1 लिटरची ट्रायल मागा. प्रोटीनला ग्लायकोसिलेशन (साखरेच्या साखळ्या जोडणं) लागत असेल तर मात्र ई. कोलाय सोडाच, सरळ एचईके293 या मानवी पेशी किंवा कीटकपेशींबद्दल बोला.

पेलेट टाकू नका, रिफोल्डिंग, म्हणजे प्रोटीन उलगडून पुन्हा नीट घडी घालणं, करून बघता येतं.