दरवाजाच्या शेड्यूलमध्ये एकाच नावाचे दोन कॉलम का येतात?

रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवाजांचं शेड्यूल, म्हणजे माहितीचा तक्ता, करताना फील्डच्या यादीत 'चौकट प्रकार' हे नाव दोनदा दिसतं. एक कॉलम घेतला तर निम्मे दरवाजे रिकामे, दुसरा घेतला तर उरलेले निम्मे. टॅगही (नकाशावर माहिती दाखवणारी चिठ्ठी) काही दरवाजांवर कोरा येतो. दोन्ही एक कसे करावेत?
– एक वास्तुविशारद, नाशिक

नाव एकच असलं तरी रेव्हिटच्या लेखी ही दोन वेगळी पॅरामीटर, म्हणजे माहिती भरण्याच्या दोन वेगळ्या जागा आहेत. प्रत्येक शेअर्ड पॅरामीटर (वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदलेला, अनेक प्रोजेक्टमध्ये वापरता येणारा) तयार होताना त्याला एक जीयूआयडी, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांचा लांबलचक क्रमांक मिळतो. शेड्यूल आणि टॅग नाव पाहत नाहीत, हा क्रमांक पाहतात. शेअर्ड पॅरामीटरची टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये नुसती उघडून पाहा. 'पॅराम' ने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीत आधी जीयूआयडी आणि मग नाव दिसेल.

हे होण्याचं नेहमीचं कारण असं: ऑफिसातली मूळ फाइल सापडली नाही, म्हणून कोणीतरी नवी टेक्स्ट फाइल तयार करून तीच नावं पुन्हा टाइप केली. नाव तेच राहिलं, क्रमांक बदलला. मूळ फाइलची प्रत काढून वापरली असती तर क्रमांकही तेच राहिले असते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फॅमिलींबरोबरही (फॅमिली म्हणजे दरवाजासारख्या वस्तूचा रेव्हिटमधला साचा) असे परके क्रमांक येतात.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ जण थेट फॅमिली बदलून रीलोड करतात आणि प्रोजेक्टमध्ये भरलेली माहिती घालवून बसतात, कारण जुन्या क्रमांकावरच्या इन्स्टन्स व्हॅल्यू, म्हणजे एकेका दरवाजाला स्वतंत्रपणे भरलेली माहिती, नव्या क्रमांकावर आपोआप जात नाहीत. आधी मॉडेलची वेगळी प्रत ठेवा, मग पुढे जा.

कोणता जीयूआयडी ठेवायचा ते पहिल्यांदा ठरवा. ऑफिसच्या फाइलमध्ये आहे तो ठेवलेला बरा, कारण टॅग आणि इतर प्रोजेक्टही त्यावरच चालतात. मग 'मॅनेज' टॅबमधल्या 'प्रोजेक्ट पॅरामीटर्स' मध्ये जाऊन तो शेअर्ड पॅरामीटर म्हणून 'डोअर्स' कॅटेगरीला इन्स्टन्स प्रकारात जोडा. आता सगळ्याच दरवाजांवर योग्य पॅरामीटर आला. शेड्यूलमध्ये दोन्ही कॉलम शेजारी घ्या आणि गोंधळ नको म्हणून एकाचं हेडिंग 'जुना' करा. ज्या कॉलममध्ये काही ओळींवर टाइपच होत नाही तो जुना, कारण त्या दरवाजांच्या फॅमिलीत तो पॅरामीटर नाहीच. व्हॅल्यू जुन्यातून नव्यात आणा. दरवाजे शेकड्यांनी असतील तर डायनॅमो हे रेव्हिटमधली कामं आपोआप करून घेण्याचं साधन वापरा, पण पॅरामीटर नावाने शोधू नका. दोन्हींचं नाव एकच असल्यामुळे कोणता हाती लागेल याची खात्री नसते. डायनॅमोच्या पायथन नोडमध्ये (कोड लिहिण्याची जागा) जीयूआयडी देऊनच उचला.

व्हॅल्यू हलल्या की फॅमिलीकडे वळा. फॅमिली एडिटरच्या 'फॅमिली टाइप्स' मध्ये तो पॅरामीटर एडिटला घ्या, 'फॅमिली पॅरामीटर' करून त्याला तात्पुरतं वेगळं नाव द्या आणि ओके करा. पुन्हा एडिट उघडून 'शेअर्ड पॅरामीटर' निवडा आणि योग्य फाइलमधला उचला. मधली पायरी गाळली तर नाव आधीच वापरात असल्याची तक्रार येते. या मार्गाने त्या पॅरामीटरला जोडलेले फॉर्म्युले आणि डायमेन्शन शाबूत राहतात. मग फॅमिली रीलोड करा. टॅगच्या फॅमिलीतलं लेबलही उघडून तपासा, तेही जुन्या क्रमांकाला बांधलेलं असू शकतं.

मूळ टेक्स्ट फाइल कायमची हरवली असेल तरी क्रमांक गेलेला नसतो. तो प्रत्येक फॅमिलीच्या आत असतो. पॅरामीटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एक्सपोर्ट' बटण आहे. त्याने तो पॅरामीटर मूळ जीयूआयडीसह चालू टेक्स्ट फाइलच्या 'एक्सपोर्टेड पॅरामीटर्स' गटात जातो.

यापुढे फाइल सर्व्हरवर एकाच जागी ठेवा. लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला, बाकीच्यांना फक्त वाचण्याचा. आणि ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. टॅबची रचना किंवा एन्कोडिंग बिघडलं तर रेव्हिट ती फाइल वाचत नाही.

साधा प्रोजेक्ट पॅरामीटर करूनही शेड्यूल होतं. मग शेअर्डचा खटाटोप कशाला?
– डिप्लोमाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

माहिती फक्त एकाच प्रोजेक्टच्या शेड्यूलमध्ये दाखवायची असेल तर खटाटोप नकोच. साधा प्रोजेक्ट पॅरामीटर शेड्यूलमध्ये येतो, टॅगमध्ये येत नाही. फॅमिली पॅरामीटर (फक्त फॅमिलीच्या आत केलेला) यांपैकी कुठेच येत नाही. शेअर्ड दोन्हीकडे येतो. तुम्ही जोडलेला पॅरामीटर मल्टी-कॅटेगरी शेड्यूलमध्ये किंवा लिंक केलेल्या मॉडेलसह एकत्र मोजायचा असेल तर शेअर्डच करा. एक काळजी घ्या: डेटा टाइप तयार करतानाच नीट निवडा, तो नंतर बदलता येत नाही. 'टेक्स्ट' मध्ये लिहिलेल्या आकड्यांची बेरीज होत नाही.

सळईच्या शेड्यूलमध्ये वजन काढायला फॉर्म्युला लिहिला, तर 'इनकन्सिस्टंट युनिट्स' असा एरर येतो.
– स्ट्रक्चरल ड्राफ्ट्समन, पिंपरी

साइटवर आपण व्यासाचा वर्ग भागिले १६२ करून मीटरला किती किलो ते काढतो. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरली की हा आकडा येतो. पण रेव्हिटला व्यास ही लांबी आहे, आणि लांबीच्या वर्गातून तो किलो काढून देणार नाही. एकक आधी काढून टाकावं लागतं: बार डायमीटरला १ मिमीने भागा, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, आणि १ मीटरने भागलेल्या टोटल बार लेंग्थने गुणा. कॅल्क्युलेटेड व्हॅल्यूचा टाइप 'नंबर' ठेवा. एरर जाईल.

मात्र आमचं मत दुसऱ्या पद्धतीला आहे. स्ट्रक्चरल डिसिप्लिनमध्ये 'मास पर युनिट लेंग्थ' या टाइपचा शेअर्ड पॅरामीटर करा, 'स्ट्रक्चरल रीबार' कॅटेगरीला टाइप पॅरामीटर (त्या प्रकारच्या सगळ्या सळयांना एकच व्हॅल्यू) म्हणून जोडा आणि आयएस १७८६ या सळयांच्या भारतीय मानकातले आकडे भरा: ८ मिमीला ०.३९५, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८, २० ला २.४७, २५ ला ३.८५, ३२ ला ६.३१ किलो प्रति मीटर. प्रोजेक्ट युनिट्समध्ये याला तीन दशांश स्थळं ठेवा. मग फॉर्म्युला एवढाच: हा पॅरामीटर गुणिले टोटल बार लेंग्थ, टाइप 'मास'. बिल तपासणाऱ्याला प्रत्येक व्यासाचा दर समोर दिसतो, ही यातली मोठी सोय. कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू त्या शेड्यूलपुरतीच असते, टॅगमध्ये जात नाही. दर हा पॅरामीटर असल्यामुळे तो टॅगमध्येही घेता येतो.

व्यासाप्रमाणे गट करून 'आयटमाइझ एव्हरी इन्स्टन्स' ची खूण काढून टाकल्यावर वजनाचा रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका. फॉरमॅटिंगमध्ये त्या फील्डला 'कॅल्क्युलेट टोटल्स' द्या.

टिपिकल फ्लोअरचा ग्रुप केला आहे. एका मजल्यावरच्या दरवाजाला फ्लॅट नंबर दिला की सगळ्या मजल्यांवर तोच होतो.
– बिम मॉडेलर, ठाणे

'प्रोजेक्ट पॅरामीटर्स' मध्ये तो पॅरामीटर एडिट करा आणि 'व्हॅल्यूज कॅन व्हेरी बाय ग्रुप इन्स्टन्स' निवडा. पॅरामीटर इन्स्टन्स हवा. टेक्स्ट टाइपला ही सोय मिळते, लांबीला मिळत नाही, म्हणून फ्लॅट नंबर टेक्स्टच ठेवा. पॅरामीटर फक्त फॅमिलीतून आला असेल तर हा पर्याय दिसणारच नाही. तोच शेअर्ड पॅरामीटर प्रोजेक्टलाही जोडा, मग दिसेल.

दरवाजाच्या फॅमिलीत बसवलेलं हँडल शेड्यूलमध्ये येत नाही, त्याला शेअर्ड पॅरामीटर दिलेला असूनही.
– इंटिरिअर डिझायनर, पणजी

हँडलची फॅमिली उघडा, 'फॅमिली कॅटेगरी अँड पॅरामीटर्स' मध्ये 'शेअर्ड' वर खूण करा आणि ती दरवाजाच्या फॅमिलीत पुन्हा लोड करा. मग तो दरवाजा प्रोजेक्टमध्ये लोड करा. शेअर्ड फॅमिली आणि शेअर्ड पॅरामीटर या वेगळ्या गोष्टी आहेत, इथे दोन्ही लागतात. हँडल मात्र दरवाजांच्या शेड्यूलमध्ये शोधू नका. ते ज्या कॅटेगरीत बनवलं आहे, त्या कॅटेगरीच्या शेड्यूलमध्ये दिसेल.