जुन्या सीडी कॉम्प्युटरवर घेताना

इंदुरातल्या मराठी घरांत अमीर खाँसाहेबांच्या, कुमारजींच्या सीडी अजून कपाटात आहेत. त्या उतरवायच्या तर एकदाच, पण नीट उतरवा. विंडोजवर 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम घ्या, त्यातला सिक्युअर मोड (वाचताना चुका तपासणारा) लावा, फाइल फ्लॅक या फॉरमॅटमध्ये ठेवा. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, फ्लॅकमध्ये त्यातलं काहीही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. २४ बिट करून मात्र काही वाढत नाही, ते सोडा.

ॲक्युरेटरिपशी, म्हणजे इतरांनी उतरवलेल्या सीडींच्या ऑनलाइन नोंदींशी, ताळा जुळला तर उत्तम, पण आपल्या शास्त्रीय सीडी तिथे बरेचदा सापडत नाहीत. मग 'टेस्ट अँड कॉपी' करा. ट्रॅक दोनदा वाचला जातो. दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे पडताळणीचे आकडे, तेच यायला हवेत. वेगळे आले तर सीडी मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका. गोल ओरखडा वाचायच्या वाटेवरच सलग पडतो आणि सीडीतली चूक-दुरुस्ती तिथे अपुरी पडते. तरीही जमेना तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा, खूप फरक पडतो.

आणि विलंबितातून द्रुतात जाताना ट्रॅक बदलत असेल तर एमपीथ्री टाळाच. बऱ्याच प्लेअरवर त्या सांध्याशी तानपुरा क्षणभर तुटतो, आणि ते कानाला फार खटकतं.