मलावीला मिशनरी म्हणून जाताय? तिथे तुम्हाला जी बाई शिकवील, तिला शिक्षिकेचा पगार द्या

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवराबायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मलावीला मिशनरी म्हणून निघालाय. कंपाउंडमधलं घर मिळणार आहे. लवकर रुळायला काय करावं, सामान काय न्यावं, मुलीच्या शाळेचं काय, आणि तिथे इंग्रजी सरकारी भाषा असताना चिचेवा ही तिथल्या लोकांची भाषा शिकायची खरंच गरज आहे का, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. शिका. पहिलं वर्षभर दुसरं काही नाही केलंत तरी चालेल. इंग्रजीवर भागेल असं ज्यांनी सांगितलं, ते तिथे कचेऱ्यांत आणि परिषदांत वावरले असतील. ताप आलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईशी ते कधी बोलले नसणार.

मी मलावी पाहिलेलं नाही. पण मिशनरी परक्या देशात रुळतात तेव्हा काय काय होतं, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचं गाव. तिथल्या मिशन बंगल्यावर साठच्या दशकात एक परदेशी जोडपं लहान मुलाला घेऊन आलं आणि माझी आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागली. गावाचं आणि आईचं नाव लिहीत नाही. त्यावरून त्या कुटुंबाचं नाव निघेल, आणि त्यांची मुलं हयात आहेत.

साहेबांना मराठी शिकवायला मिशनने पंडित नेमले होते. रोज सकाळी वही, व्याकरण आणि योहानाचं शुभवर्तमान. साहेब लवकरच पवित्र शास्त्र घडाघडा वाचू लागले, पण बंदरावर मासळीचा वाटा घ्यायला उभे राहिले की गप्प. मडमबाईंना तर लहान पोरामुळे शिकवणीला बसताच येत नव्हतं. त्या शिकल्या चुलीपाशी, आईकडून. आई त्यांना बाजारात घेऊन जायची आणि मुद्दाम चार पावलं मागे उभी राहायची. कोळणीने भाव सांगितला की मडमबाई मागे वळून बघायच्या, आई दुसरीकडे बघायची. शेवटी त्यांनाच बोलावं लागायचं. पुढे त्या मांदेलीच्या वाट्यासाठी अशा घासाघीस करायच्या, की कोळणी लांबून हाक मारून बोलवायच्या.

पहिल्या पावसाळ्याआधी आईने आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावर भरून ठेवायच्या सामानाची, यादी सांगितली. तांदूळ, सुकट, सोडे, आमसुलं, सुकी लाकडं, रॉकेल, पडवीला बांधायला झापं. साहेब म्हणाले, दुकान तर पावसातही उघडं असतं. आईने वाद घातला नाही. आमच्या घराबरोबर त्यांचीही बेगमी करून ठेवली. जुलैत खाडी फुगली, पलीकडे नेणारी होडी बंद पडली, दुकानात माल येईना, मासेमारी तर नारळी पौर्णिमेपर्यंत बंदच. तेव्हा बंगल्यावर चूल पेटली ती त्या लाकडांवर. त्यांच्या चामड्याच्या बुटांना बुरशी आली, पुस्तकं फुगली. उन्हाची तिरीप दिसली की आई सगळी पुस्तकं ओटीवर मांडायची. फुरशाच्या भीतीने बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे त्या पोराला तिने शिकवलं. इरलं कसं धरायचं तेही.

आणि प्रवचनं. हे मी स्वतः ऐकलेलं आहे. शनिवारी संध्याकाळी आई पडवीत तांदूळ निवडायची आणि साहेब समोर बसून दुसऱ्या दिवशीचं प्रवचन वाचून दाखवायचे. आई मधेच थांबवायची. “साहेब, हे पाळकसाहेबांना कळेल. आडावरच्या बाईला नाही कळणार.” मग ती तेच आपल्या बोलीत सांगायची आणि साहेब खाली मान घालून लिहून घ्यायचे. लोक म्हणायचे, हा साहेब अगदी आपल्यासारखं बोलतो. ते बोलणं माझ्या आईचं होतं.

सत्तरच्या दशकात परदेशी मिशनऱ्यांना व्हिसे मिळणं अवघड होत गेलं आणि ते कुटुंब परत गेलं. उपासनेनंतर निरोपाचा कार्यक्रम झाला. पंडितांना शाल, श्रीफळ आणि मराठीचे गुरू म्हणून मानपत्र. ते योग्यच होतं, त्यांनी मेहनत घेतली होती. आई तेव्हा मागच्या बाजूला सगळ्या मंडळीसाठी चहा करत होती. तिला कोणी पुढे बोलावलं नाही. तिचा पगार स्वयंपाकिणीचा होता, पंडितांच्या निम्माही नाही, आणि शेवटपर्यंत तोच राहिला. मायदेशी पाठवलेल्या त्यांच्या एका वार्षिक पत्राची प्रत माझ्या दादाकडे आहे. त्यात आईबद्दल एकच ओळ आहे, स्वयंपाकीण विश्वासू आहे म्हणून.

या एका ओळीवरून दादाचं आणि माझं आजही वाजतं. दादा म्हणतो, आईने कधी तक्रार केली नाही, तू कशाला करतेस? त्यांनी मला बोर्डिंगात शिकवलं, तुझ्या नर्सिंगचा खर्च केला. खरं आहे. मी आयुष्यभर त्या शिक्षणावर जेवले. पण उपकार आणि मेहनताना ही दोन वेगळी खाती आहेत. माझी फी भरली म्हणून आईच्या शिकवणीचे पैसे फिटत नाहीत. आणि आई बोलली नाही, कारण बोलून नोकरी गेली असती तर आम्ही काय खाल्लं असतं, याचं उत्तर दादाकडेही नाही.

दादा मग जुन्या लोकांचे दाखले देतो. स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ साली इकडे आले आणि त्याच वर्षी वारले. जॉन आणि मार्गारेट विल्सन १८२९ साली आले, मराठी शिकायला हर्णैला राहिले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ साली त्या गेल्या. या लोकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ज्या काळात मुलींना कोणी पाटी देत नव्हतं, त्या काळात त्यांनी दिली. पण हर्णैच्या घरात मार्गारेटबाईंना पाणी कोणी आणून दिलं, बाजारात त्यांच्या मागे कोण उभं राहिलं, हे त्यांच्याबद्दल सांगणाऱ्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्याआधी गोव्यात १५७९ साली उतरलेल्या फादर स्टीफन्सनी इथल्या लोकांच्या भाषेत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. मधे ३७ वर्षं. तेवढी वर्षं माणूस एकटा पुस्तकांत बसून अशी भाषा शिकत नाही.

तुमच्या मलावीचंच उदाहरण घ्या. तिकडचा चुमा नावाचा मुलगा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटला. आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन यांनी त्याला १८६४ साली मुंबईला आणलं आणि याच विल्सनसाहेबांच्या शाळेत ठेवलं. पुढे तो लिव्हिंग्स्टनबरोबर परत आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा चुमा, त्याच्यासारखाच लिव्हिंग्स्टनच्या सोबत असलेला सुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत पोचवला. १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा चुमा आणि सुसी तिथे नव्हते. त्यांना इंग्लंडला नेलं ते नंतर. दादाला लिव्हिंग्स्टनचं अख्खं चरित्र पाठ आहे. चुमाचं नाव त्याने माझ्या तोंडून ऐकलं.

म्हणून सांगते, तिकडे गेल्यावर तुम्हाला जी बाई मका दळायला, त्या पिठाची न्सिमा घोटायला, तळ्यातली सुकवलेली बारीक मासळी, उसिपा, ओळखायला शिकवील, ती तुमची शिक्षिका आहे. घरकामाचा पगार वेगळा द्या आणि शिकवणीचा वेगळा. संस्थेच्या हिशेबात भाषाशिक्षण या खात्यावर तिचं नाव घाला, मात्र तिला विचारून. कमिटी कुरकुर करील. करू द्या. पदवीधर शिक्षक ठेवायला त्यांची हरकत नसते, मग हिच्याच बाबतीत का? रविवारी बोलायच्या आधी तुमचं बोलणं तिला ऐकवा आणि ती थांबवील तिथे थांबा.

कंपाउंडमधल्या घराबद्दल माझं मत वाईट आहे. शेजार नसलेल्या घरात भाषा येत नाही. मात्र लहान मूल घेऊन पहिल्याच महिन्यात वस्तीत राहायला जा, असंही म्हणणार नाही. सहा महिने तिथे काढा, मग बाहेर घर बघा.

त्यांची आगोट वेगळ्या दिवसांत येते. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मक्याचं पीक त्यानंतर निघतं. जानेवारी-फेब्रुवारीत घराघरांतला मका संपत आलेला असतो. त्या दिवसांत तुमच्या घरात पोती भरलेली असतील तर शेजाऱ्यांना ते दिसणार आहे, तेव्हा काय करायचं हे नवराबायकोने आधी बोलून ठेवा.

हिवतापाला हलकं समजू नका, हे नर्स म्हणून सांगते. मलावीतलं स्कॉटिश लोकांचं लिव्हिंगस्टोनिया मिशन १८७५ साली तळ्याकाठी केप मॅक्लियरला सुरू झालं, तापाने माणसं गेली म्हणून १८८१ साली बांडावेला हललं, तिथेही तेच झालं आणि १८९४ साली डोंगरावर गेलं. आज गोळ्या आहेत. निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा, मुलीचा डोस तिच्या वजनावर ठरतो. औषध भारलेल्या मच्छरदाण्या न्या, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा.

शाळेचं म्हणाल तर मुलीला जवळ ठेवा. आमच्या साहेबांचा मुलगा थोडा मोठा झाल्यावर कोडाईकनालच्या बोर्डिंगात गेला. तो गेला की मडमबाई आमच्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायच्या. जवळ बरी शाळा नसेल तर नाइलाज, पण आधी जवळची शाळा बघून या.

सामान कमी न्या. प्रेशर कुकर, चार्जिंगचे दिवे, आमसुलं, मुलीची मराठी पुस्तकं. तिकडचे प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चपट्या पिनांचे असतात, तेवढे अडॅप्टर घ्या. आणि तिथे राहण्याच्या परमिटचं काम पाठवणाऱ्या संस्थेकडून लेखी करून घ्या. पर्यटक व्हिसावर जा, पुढचं तिथे बघू, असं कोणी सांगितलं तर तिकीट काढू नका.