जुनी वापरलेली सॉफ्टवेअर सीडी ईबेच्या लिलावात विकता येते का?

तुम्ही अमेरिकेत आहात, आणि बंद होणाऱ्या ऑफिसच्या सामानात ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरची जुनी, अस्सल सीडी मिळाली आहे. पैसे मोजून घेतली तर विकायला हरकत काय, हे वाटणं रास्तच. तरीही ती लिलावात टाकू नका.

नेमका हाच खटला तिथे होऊन गेलाय. टिमथी व्हर्नर यांनी २००७ मध्ये सिॲटलच्या एका आर्किटेक्ट फर्मकडून ऑटोकॅड रिलीज १४ च्या चार प्रती घेऊन ईबेवर विकायला काढल्या. फर्मने सवलतीत नवी आवृत्ती घेतली होती आणि जुन्या प्रती नष्ट करायची अट तेव्हाच मान्य केली होती. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीविरुद्ध खालच्या कोर्टात व्हर्नर जिंकले, पण २०१० मध्ये नाइन्थ सर्किट या वरच्या अपील कोर्टाने निकाल फिरवला: फर्म मालक नव्हतीच, फक्त परवानाधारक होती, मग ती विकणार काय?

मला हा निकाल पटत नाही. एकरकमी पैसे घेऊन कायमची दिलेली वस्तू म्हणजे विक्रीच. युरोपियन न्यायालयाने २०१२ मध्ये यूझ्डसॉफ्ट खटल्यात तसंच मानलं, फक्त विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत काढून टाकायची.

दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तर आधी आतला करारनामा वाचा. हस्तांतराला परवानगी असली तर खुशाल विका. मूळ डबा आणि सीडीचे स्पष्ट फोटो टाका, पण सिरियल नंबर झाका, नाहीतर कुणीतरी तो फुकटात उतरवून घेईल.